ब्रेकियल प्लेक्सस टेबलवर ओळखताच येत नाही, काय करू?

बागेतला_पोरगा (तासगाव):
एमबीबीएसचं पहिलं वर्ष. दहावीपर्यंत मराठी माध्यम. ह्युमरसवरच्या (दंडाच्या हाडावरच्या) खुणा डोळे मिटून बोटांनी ओळखतो, पण प्लेक्ससची, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नर्व्हच्या (मज्जातंतूंच्या) जाळ्याची, आकृती रात्री पाच वेळा काढली तरी सकाळी पाटी कोरी. परवा शवविच्छेदनाच्या टेबलवर सरांनी चिमट्यानं एक नर्व्ह उचलून विचारलं, "ही कुठली?" पुस्तकात नर्व्ह पिवळी, धमनी लाल; इथं सगळंच करडं. मी गप्प उभा. शुक्रवारी व्हायव्हा (तोंडी परीक्षा) आहे. बाबा छाटणीच्या गडबडीत आहेत, त्यांना काय सांगू?

मिरजेची_ताई:
अरे, द्राक्षबागेत वाढलास ना, मग वेलच बघ. मानेतली सी ५ ते सी ८ आणि छातीतलं टी १, ही पाच मुळं. वरच्या दोघांचं एक खोड, सी ७ चं एकट्याचं मधलं, खालच्या दोघांचं तिसरं. प्रत्येक खोडाला एक फूट (फांदी) पुढं, एक मागं. मागच्या तिन्ही फुटी मिळून पोस्टिरियर, म्हणजे मागची कॉर्ड. पुढच्यांतल्या वरच्या दोघी लॅटरल (बाहेरची), खालची एकटी मीडियल (आतली). कॉर्ड म्हणजे तुमचा ओलांडा, वेलाचा तारेवरचा आडवा हात, समज.

टेबलवर रंग बघू नकोस, हात लाव. धमनी पोकळ, दाबली की चपटी होते. नर्व्ह भरीव, सुतळीसारखी. आधी अ‍ॅक्सिलरी आर्टरी (काखेतली धमनी) शोध. तिच्यापुढं इंग्रजी एम दिसेल. कोरॅकोब्रेकियालिस स्नायूला भोक पाडून जाते ती मस्क्युलोक्युटेनियस. ती सापडली की एमचा मधला पाय मीडियन, आणि कोपराच्या मागं जाते ती अल्नर. मी पहिल्या वर्षी तिथूनच सुरुवात करायचे.

विट्याचा_फिजिओ:
रेडियल विसरू नको, ती मागच्या कॉर्डची. दंडाचं हाड मध्येच मोडलं की ती दुखावते, मनगट लोंबतं. आत्ता करून बघ: मनगट खाली वाकव आणि मूठ आवळ. जोर लागत नाही ना? असे पेशंट म्हणतात, "बोटं वाकत्यात, पण पकड बसंना."

कृष्णाकाठची_आजी:
बाळा, मला यातलं काही कळत नाही. आमच्या ह्यांनी देहदान केलंय, सहा वर्षं झाली. कुणीतरी पोरगं त्यांच्या हाताकडं बघून शिकलं असेल, असं मनात येतं. तू नीट बघ हो.

बागेतला_पोरगा:
आजी, काल हॉलमध्ये गेल्यावर आधी नमस्कार केला, मग हात लावला.

व्हायव्हा झाली. सरांनी नेमकी मस्क्युलोक्युटेनियस उचलली. भोक दाखवलं, तिथून मीडियन, अल्नर सांगितली. कॉर्डला धमनीवरून नावं का, तिथं अडखळलो. संध्याकाळी परत बघितलं, ती धमनीच्या ज्या बाजूला, त्यावरून नाव.

रात्री बाबांना फोनवर वेल सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मधल्या खोडाला एकच मूळ, ते तुटलं तर हाताचं काय वाळतं?" ताई, मी ट्रायसेप्स (दंडामागचा स्नायू) म्हणालो. अजून काय काय?