किंडरगार्टनच्या यादीत झोनची शाळा पहिली लिहायची की खाली? (क्वीन्स, न्यूयॉर्क)

सात नंबरची गाडी

नमस्कार मंडळी. आम्ही ऑक्टोबरात सांगलीहून क्वीन्सला आलो, जॅक्सन हाइट्सला राहतो. लेक नोव्हेंबर २०२१ ची, म्हणजे २०२६ च्या सप्टेंबरात तिचं किंडरगार्टन. इथे ज्या वर्षात मूल पाचाचं होणार त्या वर्षी के, म्हणजे किंडरगार्टन, मग वाढदिवस ३१ डिसेंबरचा का असेना. आल्यापासून ती घरीच आहे माझ्याजवळ. जानेवारीत मायस्कूल्सवरचा (शहराच्या शाळाप्रवेशाच्या वेबसाइटवरचा) अर्ज बंद होईल आणि माझी शाळांची यादी अजून पेन्सिलीनेच लिहिलेली आहे.

तीन शाळा पाहून आले. झोनची शाळा, म्हणजे आमच्या पत्त्याला ठरवून दिलेली, घरापासून चार ब्लॉकवर. मोठी, स्वच्छ, शिस्तीची. टूरच्या दिवशी आम्ही पन्नास-साठ पालक जिन्यात रांगेत उभे होतो. पण जेवणाची पहिली पाळी साडेदहाला, आणि माझी मुलगी एक घास दहा मिनिटं गालात धरून बसणारी.

दुसरी शाळा आमच्या झोनबाहेरची, पण डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळांचा विभाग, तोच. लहान आहे, अर्धा दिवस स्पॅनिश आणि अर्धा दिवस इंग्लिश. तिथल्या एका वर्गात बाई गालिच्यावर बसून मुलांबरोबर बिया मोजत होत्या. त्यांनी लेकीकडे पाहून नुसता हात पुढे केला, काही बोलल्या नाहीत. ऑक्टोबरपासून बाहेर कुठेही गेलो तरी माझा कुडता मुठीत घट्ट धरणारी माझी पोर तो सोडून त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी दारातच उभी राहिले. घरी येताना गाडीत मला रडू आलं, ते कशाचं होतं मलाही नीट सांगता येणार नाही.

तिसरीबद्दल फार काही नाही. बरी आहे, एवढंच.

आता अडचण. खालच्या मजल्यावरच्या ताई सांगतात, "झोनची शाळा पहिलीच लिही. खाली लिहिलीस तर शाळेला वाटेल तुला ती नकोय, आणि हातची जाईल." नवरा म्हणतो, त्या इथे बारा वर्षं राहतायत, त्यांचं ऐक. पण मग गालिच्याची शाळा दुसऱ्या क्रमांकावर गेल्यावर ती मिळण्याची शक्यताच उरत नाही ना?

आणखी दोन गोष्टी. घर भाड्याचं आहे, लीज आणि विजेचं बिल दोन्ही नवऱ्याच्या सहकाऱ्याच्या नावावर, आम्ही त्यांच्याकडे दोन खोल्यांत राहतो. पत्ता कसा दाखवायचा? आणि प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता ते विचारतात म्हणे. मराठी लिहिलं तर मुलीला वेगळ्या वर्गात टाकतात, म्हणून इंग्लिश लिहा, असं दोघींनी सांगितलं. आमच्या घरात इंग्लिश शब्द फक्त फ्रिजवरच्या चुंबकांवर आहेत. काय करू?

ब्रुकलिनकर

झोनची पहिली लिहून मोकळ्या व्हा. आम्ही तेच केलं आणि पहिल्याच फेरीत मिळाली. अर्ज पहिल्या दिवशीच भरून टाका, लवकर भरणाऱ्याला फायदा होतो. भाषेच्या बाबतीत मीही इंग्लिशच लिहीन.

गणिताचा मास्तर

वरच्या उत्तरातल्या दोन गोष्टी दुरुस्त करतो, कारण याच ऐकीव माहितीवर लोक वर्षानुवर्षं यादी उलटी लिहीत आलेत. ब्रुकलिनकरांना झोनची शाळा मिळाली ती झोनमुळे, पहिली लिहिली म्हणून नव्हे. आणि अर्ज लवकर भरल्याने काहीही फरक पडत नाही. मुदतीच्या आत आलेले सगळे अर्ज एकदमच लावले जातात.

ताई, जागा कशा वाटतात ते एकदा समजून घ्या, मग कोणाला विचारायची गरज पडणार नाही. प्रत्येक मूल आधी आपल्या पहिल्या शाळेच्या दारात जातं. शाळेकडे समजा ४० जागा आहेत. ती आलेल्या मुलांना प्राधान्याने लावते: साधारणपणे आधी झोनमधली ज्यांचं भावंड तिथे आहे अशी, मग झोनमधली बाकीची, मग झोनबाहेरची भावंडं, मग तिथेच प्री-के (किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष) केलेली, मग डिस्ट्रिक्टमधली इतर. एकाच गटातल्या मुलांत चिठ्ठीचा, म्हणजे लॉटरीचा क्रमांक. पहिली ४० ती धरून ठेवते. नीट पाहा, धरून ठेवते, पक्की करत नाही. ज्यांना जागा झाली नाही ती आपल्या दुसऱ्या शाळेच्या दारात जातात. तिथे आधी धरलेली आणि आत्ता आलेली अशी सगळी मुलं पुन्हा एकत्र लावली जातात. कोण आधी आलं, कोणी ही शाळा कितवी लिहिली होती, हे कुणी पाहत नाही. शाळेला तुमचा क्रम दिसतही नाही.

म्हणून समजा तुम्ही गालिच्याची शाळा पहिली लिहिली आणि तिथे जागा झाली नाही. तुमची मुलगी झोनच्या शाळेच्या दारात दुसऱ्या फेरीत पोहोचली तरी झोनमधली म्हणूनच उभी राहील, आणि तिथे आधी धरलेलं झोनबाहेरचं मूल बाजूला होईल. झोनची शाळा दुसरी लिहा नाहीतर सातवी, तिच्या दारातलं तुमचं स्थान तसूभरही घटत नाही. उलट ती पहिली लिहिलीत आणि मिळाली, तर गालिच्याच्या शाळेच्या दारात तुम्ही कधी जाणारच नाही. तोटा होईल तो एवढाच.

खालच्या ताईंना दोष देऊ नका. त्यांचा सल्ला कुठल्यातरी खऱ्या पद्धतीतून आलेला असतो. बॉस्टनमध्ये २००५ पर्यंत पहिल्या फेरीत जागा पक्क्याच होत असत. तिथे मनातली अवघड शाळा पहिली लिहून हुकली, की दुसऱ्या शाळेच्या जागा ती पहिली लिहिणाऱ्यांनी आधीच भरलेल्या असत. तिथले पालक अर्ज भरताना आडाखे बांधत, आणि ज्यांना आडाखे ठाऊक नव्हते, म्हणजे आपल्यासारखे नव्याने आलेले, त्यांची मुलं मागे पडत. पद्धत बदलण्याचं तेही एक कारण होतं. धरून ठेवण्याची कल्पना गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्ये मांडली. न्यूयॉर्कने २००३ पासून हायस्कूलच्या प्रवेशासाठी ती वापरली, त्यात मदत करणाऱ्यांत अर्थतज्ज्ञ ॲल्विन रॉथ होते. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मी मुलांना हे वर्गात शिकवतो तेव्हा मला मनापासून बरं वाटतं, कारण इथे खरं सांगणाऱ्याला शिक्षा नाही.

दोन अटी मात्र पाळा. यादीत १२ शाळा लिहिता येतात, त्यांत झोनची शाळा कुठेतरी असायलाच हवी. आणि झोन म्हणजे शंभर टक्के हमी असंही समजू नका. क्वीन्समध्ये गर्दीच्या काही शाळांत झोनच्याच मुलांची वेटलिस्ट लागलेली आहे. शिवाय २०२२ च्या राज्याच्या कायद्याने के ते तिसरीच्या वर्गात २० पेक्षा जास्त मुलं नसावीत असं ठरलंय, ते २०२८ पर्यंत टप्प्याटप्प्याने लागू होतंय. म्हणून झोनच्या शाळेखालीही जिथे खरंच पाठवाल अशा दोन-तीन शाळा लिहून ठेवा.

डोंबिवली ते एल्महर्स्ट

यादीचं मास्तरांनी सांगितलंच. मी भाषेवर लिहिते, कारण ती चूक मी केली आहे.

थोरल्याच्या वेळी मी फॉर्मवर इंग्लिश लिहिलं. घरी आम्ही पूर्ण मराठी, सासूबाईही सोबत. मला वाटलं, मुलाच्या कपाळावर कसला शिक्का नको. दुसऱ्याच आठवड्यात शाळेतून फोन आला, कोरडी चड्डी घेऊन या. तो बाईंजवळ जाऊन तीनदा म्हणाला होता, "शू आली." बाईंना वाटलं तो बुटाबद्दल बोलतोय, त्यांनी वाकून त्याच्या बुटाची पट्टी लावून दिली. त्या भल्या होत्या हो, त्यांना कसं कळणार? कागदावर तर या मुलाच्या घरी इंग्लिश बोलतात असं मीच लिहून दिलं होतं. नंतर दिवाळीपर्यंत तो वर्गात एक शब्द बोलला नाही. घरी मात्र आजीला अख्खा दिवस सांगायचा, कोण रडलं, कुणाचा दात पडला, सगळं.

धाकटीच्या वेळी मराठी लिहिलं. होतं काय ते सांगते. शाळेतलं कुणीतरी तुमच्याशी आणि मुलाशी बोलतं, मग गरज वाटली तर इंग्लिशची एक छोटी चाचणी घेतात, NYSITELL म्हणतात तिला. इंग्लिश पुरेसं असेल तर विषय संपला. कमी असेल तर इंग्लिश नवी भाषा म्हणून शिकवणाऱ्या बाई मिळतात. धाकटीच्या शाळेत त्या वर्गातच येऊन तिच्या टेबलाशी बसायच्या, आठवड्यातून काही वेळा चार-पाच मुलांना बाजूला घेऊन चित्रं दाखवत बोलायला लावायच्या. वेगळा वर्ग वगैरे काही नव्हता. दरवर्षी वसंतात परीक्षा होते, ती पार झाली की ही मदत थांबते. आणि फॉर्मवर चुकलंच तर प्रवेशानंतर ४५ शालेय दिवसांच्या आत लेखी देऊन फेरतपासणी मागता येते. मला हे माहीत नव्हतं, म्हणून मोठ्या अक्षरात सांगावंसं वाटतंय.

मराठी लिहा ताई. ती तिची भाषा आहे, ती शाळेला माहीत असू दे.

पत्त्याचं सोपं आहे. अर्ज भरताना तुमचा खराखुरा पत्ता द्या, कागद ऑफर आल्यावर नाव नोंदवताना लागतात. लीज दुसऱ्याच्या नावावर असेल तर रहिवासाचं प्रतिज्ञापत्र असतं, ते ज्यांच्या नावावर लीज आहे त्यांनी भरून सही करायचं, सोबत आणखी कोणते पुरावे चालतील ते शाळेलाच विचारा. नवऱ्याच्या सहकाऱ्यांना आत्ताच सांगून ठेवा, कारण ऐनवेळी घरमालक काय म्हणेल या भीतीने लोक सही द्यायला कचरतात. व्हिसा कोणता हे शाळा विचारत नाही.

लसीची वही

कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सांगलीचं लसीकरण कार्ड आत्ता काढा आणि बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. इथे के साठी गोवराची एमएमआर दोनदा, कांजिण्यांची लस दोनदा, हिपॅटायटिस बी तीनदा, शिवाय डीटॅप (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला) आणि पोलिओचे सगळे डोस लागतात. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात कांजिण्यांची लस नसते, त्यामुळे खाजगी दवाखान्यात दिली नसेल तर दोन्ही डोस इथे घ्यावे लागतील, आणि त्या दोनांत तीन महिन्यांचं अंतर ठेवतात. दुसरं, एप्रिल २०१६ पासून तोंडावाटे दिलेले पोलिओचे थेंब इथे धरत नाहीत, सुईचेच डोस मोजतात. पल्स पोलिओच्या बूथवर करंगळीला शाई लावून घेतलेले आमच्या मुलाचे सगळे रविवार इथे कागदावर शून्य झाले, तेव्हा वाईट वाटलं होतं. थेंबांनी त्याचं रक्षण केलंच होतं, पण नियम तो नियम.

शाळेचा आरोग्य तपासणीचा फॉर्म असतो, सीएच-२०५ नावाचा. त्याच भेटीत डॉक्टरांकडून भरून घ्या.

सात नंबरची गाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याला मास्तरांचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने कागदावर दोन चौकोन काढले, दारं म्हणून, आणि लेकीच्या प्लॅस्टिकच्या प्राण्यांना मुलं करून दोनदा खेळून पाहिलं. दुसऱ्यांदा हत्ती झोनच्या दारात उशिरा येऊनही आत गेला तेव्हा त्याला पटलं. यादी पेनाने लिहिली: गालिच्याची पहिली, झोनची दुसरी, खाली आणखी चार.

कार्डावर कांजिण्यांची लस नाहीये. थेंब सहा, सुई दोन. शुक्रवारची वेळ मिळाली आहे.

मायस्कूल्सवर आमचा चिठ्ठीचा क्रमांक पाहिला, लांबलचक आहे आणि डी या अक्षराने सुरू होतो. याचा अर्थ काय? आणि गालिच्याची शाळा पहिल्यांदा नाही मिळाली तर विषय संपला का?

गणिताचा मास्तर

क्रमांकाचं पहिलं चिन्ह ० ते ९ आणि मग ए ते एफ असं सोळांपैकी एक असतं. शून्य सगळ्यात पुढे, एफ सगळ्यात मागे. डी म्हणजे शंभरातली ऐंशीच्या वर मुलं तुमच्या पुढे. चांगला नाही, खोटं सांगणार नाही. पण झोनच्या शाळेत तो फक्त झोनमधल्या मुलांत मोजला जाईल, डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्यांत नाही. आणि क्रमांक कसाही असला तरी यादी बदलू नका.

विषय संपत नाही. मिळालेल्या शाळेच्या वर तुम्ही ज्या लिहिल्या होत्या, त्यांच्या वेटलिस्टवर नाव आपोआप लागतं. मिळालेली शाळा वेळेत स्वीकारा, त्याने वेटलिस्टवरचं स्थान जात नाही. लोक उन्हाळ्यात घर बदलतात, न्यू जर्सीला जातात, यादी हलते. आमच्या शेजाऱ्यांना सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यावर फोन आला होता. तो त्यांनी अनोळखी नंबर म्हणून उचलला नाही, संध्याकाळी निरोप ऐकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शाळेच्या दारात जाऊन उभे राहिले तेव्हा जागा मिळाली. ऑगस्टपासून प्रत्येक फोन उचला.

सात नंबरची गाडी

उचलेन. खालच्या ताईंनाही सांगितलं, त्यांच्या भाचीचा अर्जही याच वर्षी आहे. ती आज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन वर येतेय.