अनुभव धागा: राखीव पार्किंग, परमिटचा गैरवापर आणि "पण तुम्ही तर ठणठणीत दिसता"

अपंगांसाठी राखीव पार्किंगबद्दल दोन तक्रारी कायम ऐकू येतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक म्हणजे धडधाकट माणसं दुसऱ्याच्या नावाचं अपंग-पार्किंगचं परमिट आरशाला लटकवून खुशाल तिथे गाडी लावतात. आणि दुसरी, ज्यांच्याकडे स्वतःचं रीतसर परमिट आहे पण आजार बाहेरून दिसत नाही त्यांना भर पार्किंगमध्ये अडवून जाब विचारला जातो. पहिल्या प्रकाराने चिडलेली माणसंच बरेचदा दुसरा प्रकार करतात, आणि खरा चोर मात्र केव्हाच निघून गेलेला असतो. म्हणून हा धागा. दोन्ही बाजूंचे अनुभव लिहा. एकच विनंती, कोणाची ओळख पटेल असं काही लिहू नका, गाडीचे नंबर वगैरे तर नकोच.

माझ्यापासून सुरुवात करते. मला पल्मनरी हायपरटेन्शन आहे, म्हणजे फुफ्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांमधला दाब वाढलेला असतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर त्याचा ताण येतो. बसलेली असताना मला बघून कोणाला काही कळणार नाही. गाडीतून उतरून पहिली पावलं टाकतानाही नाही. त्यानंतर थांबावं लागतं, कशाला तरी धरून. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांच्या फॉर्मवर एक निकष असा असतो की माणसाला मध्ये न थांबता २०० फूट चालता येत नाही, म्हणजे साधारण ६० मीटर. आता गाडीतून उतरताना बघणाऱ्याला त्यातले पहिले दहा फूटच दिसतात ना! माझ्या वायपरखाली एकदा चिठ्ठी होती, पार्किंगच्या पावतीच्या मागे, सुवाच्य अक्षरात, अनुस्वारसुद्धा जागच्या जागी: "आळस म्हणजे अपंगत्व नव्हे." ज्या कोणी लिहिली त्याने परमिटवरची तारीख बघायचे कष्ट घेतले नव्हते.

* * *

चांगला विषय. मला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होण्याचा आजार. माझं दुखणं दिवसातसुद्धा बदलतं हे लोकांच्या पचनीच पडत नाही. सकाळी मी जिने चढू शकते, दुपारी उन्हातून आले की डावा पाय जमिनीला घासायला लागतो, कारण अंगातली उष्णता वाढली की आधीच खराब झालेल्या नसांमधून संदेश अजूनच हळू जातात. त्यामुळे गाडी लावून आत जाताना मी चालत जाते आणि येताना नवरा धरून आणतो. जाताना बघणाऱ्या बाई म्हणाल्या, "अहो, चांगल्या तर चालताय, कशाला खऱ्या गरजू माणसाची जागा अडवता?" त्या तासाभराने तिथे असत्या तर असं बोलल्या नसत्या, पण तोपर्यंत कोण थांबतंय. मला त्यांच्या बोलण्यापेक्षा त्या आवाजाचा त्रास झाला, आजूबाजूचे सगळे वळून बघत होते आणि माझी मुलगी सोबत होती.

* * *

मी व्हीलचेअरवाला. मला दुसरी बाजू लिहायचीय कारण ती कमी लिहिली जाते.

राखीव जागेच्या बाजूला तिरके पट्टे मारलेली जी मोकळी जागा असते ती शोभेला नसते. माझ्या व्हॅनचा रॅम्प बाजूच्या दारातून बाहेर पडतो आणि तो संपल्यावर मला खुर्ची वळवायला पुढे जागा लागते. अमेरिकेच्या नियमात ही पट्ट्यांची जागा कमीत कमी ५ फूट रुंद लागते, आणि व्हॅनसाठी जागा अरुंद असेल तर पट्टे ८ फुटांचे. लोकांना वाटतं इथे तर गाडी मावते, मग लावूया. एकदा काम आटोपून परत आलो तर पट्ट्यांवर एक मोटारसायकल आणि सामानाच्या दोन ट्रॉल्या. रॅम्प अर्धा उघडून मोटारसायकलच्या चाकाला टेकला आणि थांबला. बटण दाबलं की मोटर घूं घूं करायची आणि रॅम्प तिथेच. पाऊस सुरू झाला होता. शेवटी एका अनोळखी मुलाच्या हातात किल्ली दिली आणि म्हटलं बाबा, एवढी व्हॅन मागे घे. सगळी गाडी हाताने चालवायची असल्यामुळे त्याला आधी ब्रेक कुठला ते समजावून सांगितलं. मोटारसायकलवाला आला तेव्हा म्हणाला "दोनच मिनिटं लावली होती". त्याच्याकडे परमिट नव्हतं, काही नव्हतं.

तर माझं म्हणणं, राग यायलाच पाहिजे. फक्त तो परमिट नसलेल्यावर आणि दुसऱ्याचं परमिट वापरणाऱ्यावर यावा. वरच्या दोघींना मी माझी जागा आनंदाने देईन.

* * *

मांडीपासून कृत्रिम पाय. पॅन्ट घातली की कळत नाही, थोडं लंगडतो एवढंच. मला जवळची जागा नसली तरी चालेल, रुंद जागा पाहिजे, कारण दार पूर्ण उघडल्याशिवाय तो पाय बाहेर काढताच येत नाही. एका माणसाने मला पॅन्ट वर करून दाखवा म्हणून सांगितलं. मी दाखवली नाही. दाखवायची नसतेच.

* * *

इंग्लंडमधून लिहितोय. इथे ३० ऑगस्ट २०१९ पासून ब्लू बॅजचे, म्हणजे इथल्या अपंग-पार्किंग परमिटचे, निकष बदलले आणि न दिसणाऱ्या अपंगत्वालाही बॅज मिळायला लागला. आमच्या मुलाला ऑटिझम आहे, पाय अगदी उत्तम, पळायला लागला तर मला सापडत नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. गाडी ते दार एवढं अंतर आमच्यासाठी सगळ्यात धोक्याचं, कुठे हॉर्न वाजला किंवा उलट येणाऱ्या ट्रकचा तो टीं टीं आवाज आला की तो हात सोडवून सरळ रस्त्याच्या दिशेने सुटतो, त्याला गाडी दिसत नाही की माणूस दिसत नाही. आम्ही बायको एका बाजूला मी एका बाजूला असं दोघांनी दार अडवूनच त्याला उतरवतो. बघणाऱ्याला दिसतं काय, तर एक निरोगी कुटुंब आणि एक हट्टी मुलगा.

गैरवापराबद्दल पण सांगतो. इथे बॅज माणसाचा असतो, गाडीचा नाही. मागच्या बाजूला फोटो असतो आणि तपासनीस बॅज मागून तो फोटो बघू शकतो. दुसऱ्याचा बॅज वापरला तर १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. बॅज ज्याचा आहे तो गाडीत बसून राहणार आणि बाकीचे कामं उरकून येणार हेसुद्धा नियमात बसत नाही, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. तपासायचं काम ज्याचं आहे त्याच्याकडे अधिकार आणि साधन दोन्ही आहे. शेजारच्या गाडीतल्या माणसाकडे दोन्ही नाही, त्याच्याकडे फक्त अंदाज असतो.

* * *

वरच्या गाडीत बसून राहण्यावरून आठवलं. आमच्याकडे हे घरातच चालू होतं. सासूबाईंचं परमिट दिरांच्या गाडीत, सासूबाई घरी आरामखुर्चीत. बाहेर कुठेही गेलं की काढायचं आणि लावायचं. मी बोलले तर म्हणे "आईंचंच आहे ना, कोणाचं चोरलंय का?" मग मी सासूबाईंनाच सांगितलं. त्यांना काही कल्पनाच नव्हती. त्यांनी जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर ते मागून घेतलं आणि आपल्या पर्समध्ये ठेवलं, आता त्या जातील तेव्हाच ते जातं. माझ्याशी दीर बरेच दिवस बोलत नव्हते, त्याला माझा इलाज नाही.

* * *

^^ हे असं घराघरात आहे. कॅलिफोर्नियात सरकारी ऑडिट झालं होतं, २०१७ चा अहवाल. त्यात निघालं की शंभरी पार केलेल्या जवळजवळ २६,००० लोकांच्या नावावर चालू परमिटं आहेत, आणि राज्यात त्या वयाची माणसंच अंदाजे ८,००० होती. म्हणजे मालक गेले आणि परमिटं मागे राहिली. त्यानंतर कायदा बदलून दर सहा वर्षांनी नूतनीकरणासाठी सही करायची अट आली.

गैरवापराचं मूळ मला जवळच्या जागेपेक्षा फुकट मीटरमध्ये दिसतं, मीटर म्हणजे रस्त्यावरच्या पार्किंगचे पैसे घेणारं यंत्र. तिथे परमिट असेल तर मीटरचे पैसे नाहीत आणि वेळेची मर्यादा नाही, असं म्हटल्यावर रोज ऑफिसच्या खाली गाडी लावणाऱ्याला मोह होणारच. मिशिगन राज्याने १९९५ मध्ये परमिटचे दोन प्रकार केले. राखीव जागा सगळ्या परमिटधारकांना, पण मीटर माफ फक्त त्यांनाच ज्यांना मीटरपर्यंत पोचता येत नाही किंवा हाताने तो चालवता येत नाही. आधी साधारण पाच लाख लोकांना मीटर माफ होता, नव्या नियमात तसे दहा हजारच उरले. इलिनॉयनेही २०१४ मध्ये तसंच केलं. ह्यात कोणाला कोणाच्या पायाकडे बघावं लागलं नाही. मला हाच मार्ग पटतो.

* * *

मी डॉक्टर आहे, असे फॉर्म सही करायला माझ्यापुढे येतात म्हणून लिहिते. "एक सही द्या ना, गुडघे दुखतातच की" असं म्हणणारे येतात, हो. कधी ओळखीचे येतात, कधी कोणाची तरी चिठ्ठी घेऊन येतात. मी त्यांना चालायला लावते, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत आणि परत, आणि नाही म्हणते, मग ते नाराज होऊन जातात. सगळे डॉक्टर असं करत नाहीत आणि ही आमच्या व्यवसायाची चूक आहे, सही फुकट वाटायची वस्तू नाही.

पण मला जास्त काळजी दुसऱ्या लोकांची वाटते. ज्यांना खरी गरज आहे तेच मागत नाहीत. हृदय जेमतेम चालतंय, चार पावलांत धाप लागतेय आणि "मी काय लंगडा आहे का? लोक काय म्हणतील?" म्हणून फॉर्म टेबलावर तसाच ठेवून जातात. केमो चालू असलेली एक पेशंट परमिट मिळूनसुद्धा लावत नव्हती, का तर पहिल्याच दिवशी कोणीतरी काहीतरी बोललं. ती लांब गाडी लावून चालत यायची आणि वेटिंग रूममध्ये पोचेपर्यंत तिचे पाय लटपटत असायचे. त्या बोलणाऱ्याने राखीव जागा कोणासाठी वाचवली?

* * *

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स. गोळीचा असर असेपर्यंत चालतात, असर उतरला की दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, ढकलून उपयोग नाही, थांबायचं आणि तोंडाने एक-दोन-एक-दोन म्हणायचं, मग पाऊल सुटतं. भारतात १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे फक्त ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले, त्यात पार्किन्सन्स आहे, एमएस आहे, थॅलसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल सगळं आहे. पण गेटवरच्या माणसापर्यंत हे पोचलेलं नाही. प्रमाणपत्र दाखवलं, त्यावर टक्के लिहिलेत ते दाखवले, तरी त्याचा प्रश्न तोच: "व्हीलचेअर कुठाय?" त्याला दोष देऊन काय करणार, त्याच्यासमोर खांबावर जे चित्र लावलंय त्यात व्हीलचेअरच आहे. ते चिन्ह १९६८ मध्ये सुझान कोफोएड नावाच्या डॅनिश विद्यार्थिनीने काढलं आणि आधी तर त्याला डोकंसुद्धा नव्हतं, नुसती खुर्ची, डोक्याचा गोल नंतर जोडला गेला. जगभर एकच चिन्ह असल्याचा फायदा झालाच, पण खुर्ची नाही तर अपंग नाही असा समज पण त्यातून घट्ट झाला असं मला वाटतं.

* * *

ते सूर्यफुलाच्या पट्ट्यांबद्दल कोणी लिहिलं नाही का? हिरव्या पट्टीवर पिवळी सूर्यफुलं, २०१६ मध्ये गॅटविक विमानतळावर सुरू झालं, गळ्यात घातलं की कर्मचाऱ्यांना कळतं ह्या व्यक्तीला न दिसणारं काहीतरी आहे. मला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्यांना सूज येण्याचा जुनाट आजार, टॉयलेट जवळ असणं हे माझ्यासाठी सगळं काही आहे. विमानतळावर मी ती पट्टी घालते, उपयोग होतो. पार्किंगमध्ये घालणार नाही. परमिट लावलेलं आहे, ते सरकारने दिलंय, तेवढं पुरलं पाहिजे. तिथल्या प्रत्येक माणसाला माझ्या आतड्यांची माहिती मी का द्यायची?

* * *

एक प्रामाणिक प्रश्न. मी रोज बघतो, एक तगडा तरुण परमिट लावून उतरतो आणि उड्या मारत जिना चढतो. काहीच करायचं नाही का मग?

* * *

करायचं ना. धागा काढला म्हणून उत्तर देते, वरच्या व्हीलचेअरवाल्या दादांनी भर घालावी.

परमिट नसेल तर लगेच कळवा, तिथे शंकेला जागाच नाही. पट्ट्यांवर गाडी असेल तरी कळवा, पट्ट्यांवर परमिटवाल्यालाही लावायला बंदी आहे. परमिट असेल तर आधी तारीख बघा, संपली असेल तर कळवा. तारीख चालू आहे आणि तरी शंका आहे, तर परमिटचा नंबर, जागा आणि वेळ लिहून ज्यांच्याकडे परमिट देण्याचं काम आहे त्यांना द्या. ते परमिट कोणाच्या नावावर आहे हे नोंदवहीत बघितलं की पाच मिनिटांत निकाल लागतो. तो तरुण स्वतः धारक असेल तर त्याला काही त्रास होणार नाही, आजीचं असेल तर जप्त होईल. त्याला जिन्यावर गाठू नका, चिठ्ठी लिहू नका, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका आणि त्याच्या गाडीमागे आपली गाडी आडवी लावू नका, त्याला इन्सुलिन किंवा ऑक्सिजन घ्यायला गाडीपर्यंत यावं लागू शकतं.

मला कोणी विचारलं तर मी आता एवढंच म्हणते, "परमिट माझं आहे, शंका असेल तर नंबर कळवा." आजाराचं नाव सांगत नाही. आधी सांगायचे, तर पुढचे प्रश्न यायचे, कधीपासून आहे, वजन कमी करून बघितलं का, प्राणायाम करता का, आणि हे सगळं उभ्याने ऐकायला लागायचं.

अजून कोणाचे अनुभव असतील तर येऊ द्या, विशेषतः ज्यांना परमिट मिळायला हवं होतं आणि नाकारलं गेलं त्यांनी जरूर लिहा, ती बाजू अजून आलेली नाही.