‘या विक्रीचा काही भाग समाजकार्यासाठी’ : काही म्हणजे किती?

मागची_बाजू

सणांचा मोसम आला की शुभेच्छापत्रांच्या पाकिटांवर वरची ओळ झळकायला लागते. माझं मत सरळ आहे: ‘काही भाग’ एवढंच लिहिलेलं पाकीट घेऊ नये. विरोधी मतं आली तर हवीच आहेत.

पाकीट उलटं करून बघा. संस्थेचं पूर्ण नाव नोंदणी क्रमांकासह हवं (नावं मुद्दाम मिळतीजुळती ठेवलेली असतात, क्रमांक सरकारी नोंदीत ताडून बघा). दर पाकिटामागे किती जाणार तो आकडा हवा. देणगीला कमाल मर्यादा असेल तर तीही हवी. अमेरिकेत धर्मादाय संस्थांची पारख करणाऱ्या ‘बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स’चा १९ वा निकष हेच मागतो: किमतीतला हिस्सा, मोहिमेचा कालावधी, किमान हमी किंवा कमाल मर्यादा. इंग्लंड-वेल्समध्ये तर संस्थेचं नाव वापरून माल विकणाऱ्याने तिला किती मिळणार ते सांगणं १९९२ च्या चॅरिटीज अ‍ॅक्टनेच बंधनकारक आहे.

खरी मेख शब्दांत असते. ‘विक्रीच्या १०%’ म्हणजे १०० च्या पाकिटामागे १०. ‘नफ्याच्या १०%’ म्हणजे छपाई, लिफाफे, दुकानाचं कमिशन जाऊन १५ उरले तर दीड. आणि नफा मोजणार कोण? विकणाराच! मर्यादेचंही तसंच. पाकिटामागे १० आणि कमाल ५०,००० ठरलेले असतील तर ५,००१ व्या पाकिटापासून संस्थेला शून्य. छापलेली ओळ मात्र शेवटच्या पाकिटापर्यंत तीच.

साधी_पोस्ट

एवढी भिंगं लावायचीच कशाला? साधी कार्डं घ्या आणि देणगी थेट संस्थेला पाठवा. मधला छापखाना, दुकान, कमिशन सगळं गळून पडतं.

शिवाय कार्डाचं बिल म्हणजे देणगीची पावती नव्हे, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. ब्रिटनमध्ये वस्तूच्या खरेदीवर गिफ्ट एड (देणगीवर भरलेल्या कराची संस्थेला सरकारकडून परत मिळणारी रक्कम) मिळत नाही. अमेरिकेत वस्तूच्या बाजारभावापेक्षा जास्तीचे जेवढे दिले तेवढ्यावरच करात वजावट.

मागची_बाजू

तत्त्वतः मान्य. पण कार्ड ज्याच्या हातात पडतं त्याला संस्थेचं नाव कळतं, थेट देणगीत ते होत नाही. युनिसेफचं पहिलं कार्ड १९४९ चं, युद्धानंतर मिळालेल्या मदतीबद्दल आभार म्हणून सात वर्षांच्या झेक मुलीने काढलेल्या चित्राचं. पुढे कित्येक घरांत युनिसेफ हे नाव कार्डांमुळेच पोचलं.

गोदाम_क्र_२

दोघांशीही असहमत. टक्केवारी हे मापच अपुरं आहे. माल पडून राहिला तर तो कोणाच्या गळ्यात, हे आधी विचारा.

संस्था स्वतः कार्डं छापते तेव्हा ‘१००% नफा संस्थेला’ असं लिहिते, आणि ते खरंही असतं. आता हिशेब बघा (आकडे समजण्यापुरते). १०,००० पाकिटं, छपाई प्रत्येकी ४०, म्हणजे ४ लाख आधीच गेले. १०० ने ७,००० विकली, ७ लाख आले. बांधणी, टपाल, कमिशन प्रत्येकी २५, म्हणजे पावणेदोन लाख. हाती सव्वा लाख, विक्रीच्या साधारण १८%. विक्री ५,००० वर अडली तर २५,००० चा तोटा, आणि तो देणगीदारांच्या पैशातून. उरलेल्या पाकिटांवर साल छापलेलं असेल तर थेट रद्दी.

उलट प्रकाशकाला नाव वापरू दिलं आणि विक्रीच्या १०% ठरवले, तर ५,००० वरही ५०,००० मिळतात आणि संस्थेच्या गोदामात एक खोकं येत नाही. १० चा आकडा बघून नाक मुरडणारे हे विसरतात. करारात किमान हमी असेल तर आणखी उत्तम.

मागची_बाजू

हिशेब पटला. पण म्हणूनच आकडा छापा म्हणतोय. तुमचे १०% स्वच्छ लिहिलेले असतील तर माझा आक्षेप नाही. ‘काही भाग’वाले मात्र तुमच्या या युक्तिवादाआड लपतात.

कुंचला

एक प्रकार राहिला. तोंडाने किंवा पायाने चित्रं काढणाऱ्या कलाकारांची कार्डं अनेक देशांत न मागवता घरी येतात. त्यांची जागतिक संघटना १९५६ ची, एरिख श्टेगमान यांनी उभी केलेली. ती धर्मादाय संस्था नाही, कलाकारांचा स्वतःचा व्यवसाय आहे आणि ते तसं सांगतात. तेव्हा ‘देणगी’ समजून पैसे पाठवू नका. चित्र आवडलं तर विकत घ्या. त्यांना वर दिलेली टक्केवारीची फूटपट्टी लावणंही चूकच.

साधी_पोस्ट

न मागवता आलेल्या पाकिटाने मनावर येणारं दडपण, त्याचं काय? अमेरिकेत असा माल फुकट ठेवून घ्यायचा हक्क कायद्यानेच आहे. तरी लोक ओशाळून पैसे पाठवतात.

गोदाम_क्र_२

तो आक्षेप रास्त आहे.

कंपनीसाठी हजारभर कार्डं घेणाऱ्यांना एक सूचना. नाव-बोधचिन्ह छापण्याचा आणि पोचवण्याचा आकार वेगळा लावतात, हिस्सा बहुधा फक्त कार्डाच्या मूळ किमतीवर काढतात. दरपत्रक मागतानाच विचारा: हिस्सा कोणत्या रकमेवर, सूट दिल्यावर तो कमी होतो का, संस्थेच्या खात्यात कोणत्या महिन्यात जमा होतो. उत्तर लेखी घ्या. मग तोच मेल संस्थेला पाठवून विचारा, ‘या विक्रेत्याशी तुमचा करार आहे का?’ तिथून ‘हा विक्रेता कोण?’ असं उत्तर आलं तर ऑर्डर तिथेच थांबवा.

साधी_पोस्ट

तीन प्रश्न, दोन मेल. तेवढ्यात थेट देणगीची पावतीही हातात आली असती.

मागची_बाजू

आली असती. पण कंपनी ती हजार कार्डं तशीही छापणारच आहे ना?