टांकसाळीचा वार्षिक नाणेसंच कुठून घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. भाचीला नाण्यांचा भारी नाद लागलाय. भिंग लावून सालाखालची खूण बघते आणि नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलंय ते सांगते: हिरा म्हणजे मुंबई, चांदणी हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. तिला वाढदिवसाला भारत सरकारच्या टांकसाळीचा अधिकृत वार्षिक संच द्यायचाय. ऑनलाइन मागवावा की फोर्टातल्या मुंबई टांकसाळीत थेट मिळतो? नोंदणी साधारण कधी उघडते? ओळखपत्र लागतं का? प्रूफ संच (संग्राहकांसाठी खास घडवलेला) आरशासारखा चकाकतो खरा, पण महाग. सतत हाताळणाऱ्या पोरीला अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न आलेल्या कोऱ्या नाण्यांचा साधा संच पुरे, असं माझं मत. एक विक्रेता अव्वाच्या सव्वा भाव सांगतोय, वर पाकीटही फोडलेलं! जुन्या सालांचे संच खात्रीने कुठे मिळतील, तेही सांगा.