पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या: ऊसतोडीला जाणाऱ्या मधुमेहींना आधी लेसर की इंजेक्शन? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

गोदाकाठ

मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या आल्या की आज दोन उपचार समोर असतात. एक म्हणजे पडद्याच्या कडेच्या भागावर लेसर, दुसरा म्हणजे व्हीईजीएफ (नव्या वाहिन्या वाढवणारं प्रथिन) रोखणारं इंजेक्शन डोळ्यात देणं. इंजेक्शनाकडे कल वाढतोय. माझं मत असं, की बीड, धाराशिव, जालना, परभणीकडच्या आणि दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर कारखान्यावर जाणाऱ्या रुग्णाला आधी पूर्ण लेसर झालंच पाहिजे. नुसत्या इंजेक्शनावर त्याला सोडणं धोक्याचं आहे.

इंजेक्शनाचा असर साधारण महिना-दीड महिना टिकतो. रक्तपुरवठा कमी पडलेला पडदा व्हीईजीएफ तयार करतच असतो, त्यामुळे औषध ओसरलं की वाहिन्या परत वाढतात. लेसर कडेचा तो भागच निकामी करतं, म्हणजे मूळ मागणी घटते आणि परिणाम वर्षानुवर्षं राहतो.

अमेरिकेतल्या ‘प्रोटोकॉल एस’ या चाचणीचा दाखला नेहमी दिला जातो. २०१५ मध्ये तिचे दोन वर्षांचे निकाल आले आणि रॅनिबिझुमॅब हे इंजेक्शन लेसरपेक्षा कमी नाही असं दिसलं. पाच वर्षांनीही दोन्ही गटांची नजर जवळपास सारखीच होती. पण त्यासाठी इंजेक्शन गटात डोळ्यामागे सरासरी १९ इंजेक्शनं लागली, शिवाय वेळोवेळी तपासणी. गेवराई किंवा पाटोद्याहून निघून सहा महिने सांगली-कोल्हापूरच्या फडात राहणाऱ्या माणसाला हे जमणार कसं? २०१९ मध्ये फिलाडेल्फियातून आलेल्या अभ्यासात सहा महिन्यांहून जास्त काळ न आलेल्या रुग्णांची तुलना होती. नुसतं इंजेक्शन घेतलेल्या डोळ्यांत पडदा ओढला जाऊन सुटण्याचं प्रमाण लेसर झालेल्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं.

मांजरा

तो फिलाडेल्फियाचा अभ्यास जुन्या नोंदी काढून केलेला आहे आणि डोळे शंभराच्या आत. कोणाला लेसर, कोणाला इंजेक्शन हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. त्यावर इतका भार टाकू नका.

‘प्रोटोकॉल एस’मधला दुसरा भाग तुम्ही सोडलात. दोन वर्षांच्या निकालात लेसर गटात बाजूची नजर जास्त गेली, मध्यबिंदूवर (पडद्याच्या बारीक बघणाऱ्या मधल्या भागावर) नवी सूज जास्त आली आणि काचद्रव (डोळ्यातला पारदर्शक जेलीसारखा द्रव) काढण्याच्या शस्त्रक्रियाही जास्त लागल्या. बाजूचं आणि अंधारातलं दिसणं कमी होणं म्हणजे पहाटे अंधारात फडात उतरणाऱ्याला आणि रात्री उसाचा ट्रॅक्टर चालवणाऱ्याला थेट धोका आहे. तिथे कोयता चालतो, कडेनं बैलगाड्या जातात.

आणि मराठवाडा म्हणजे फक्त ऊसतोड नव्हे. लातूरच्या आडत बाजारातला हमाल, नांदेडचा दुकानदार, शाळेतल्या बाई, ही माणसं बारा महिने इथेच असतात. ‘खेड्यातला रुग्ण परत येत नाही’ असं आपणच गृहीत धरलं तर चांगला उपचार कायम शहरापुरता राहील.

सिंदफणा

ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासण्याच्या बाजूने लिहितो. दोघांचंही म्हणणं रुग्ण वेळेत सापडला तरच लागू पडतं. पुष्कळ जण डोळ्यात रक्त उतरून काळे धागे दिसायला लागल्यावर येतात, कारण त्याआधी ना दुखतं ना लाल होतं. चष्म्याच्या तक्त्यावर ६/६, म्हणजे पूर्ण नजर, वाचणाऱ्याच्या पडद्यावरही नव्या वाहिन्या असू शकतात.

म्हणून मधुमेहाच्या ओपीडीत येणाऱ्या प्रत्येकाचा पडदा वर्षातून एकदा बघायचाच. टाईप २ असेल तर निदान झालं त्याच दिवसापासून. ट्रॉपिकामाइड आणि फिनाइलेफ्रिनचे एकत्र थेंब दहा-दहा मिनिटांनी दोन-तीनदा घातले की अर्ध्या तासात बाहुली मोठी होते. त्याआधी डोळ्याचा दाब आणि पुढच्या कोनाची खोली बघा, रक्तदाब फार वाढलेला असेल तर फिनाइलेफ्रिन टाळा. नंतर चार-सहा तास जवळचं अंधुक दिसतं, उन्हात डोळे दिपतात, म्हणून सोबतीला माणूस आणायला आधीच सांगावं. गाडी चालवून परत जायचं नाही. थेंब न घालता कॅमेऱ्याने काढलेले फोटो मोतीबिंदू असलेल्यांत धुरकट येतात. असा फोटो ‘नॉर्मल’ म्हणून फाईलला लावू नये, रुग्णाला सरळ पुढे डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवावं.

वेळापत्रकही आपल्याकडच्या कामांवरून ठरवा. जूनच्या पेरणीत कोणी येत नाही, ऑक्टोबरात सोयाबीन काढणी असते. जुलै ते सप्टेंबर ही खरी संधी.

गोदाकाठ

मांजरा, बारा महिने इथे असणाऱ्या आणि वेळेवर येणाऱ्या रुग्णाबाबत तुमचं म्हणणं मान्य. सुरुवातीचा प्रश्न मात्र टोळीबरोबर जाणाऱ्याचा होता, त्याच्याबाबत मी ठाम आहे.

लेसरची बदनामी अर्धवट लेसरमुळेही झाली आहे. जुन्या पद्धतीत ५०० मायक्रॉनचे १२०० ते १६०० डाग हे प्रमाण आहे. हल्लीच्या पॅटर्न लेसरमध्ये (एका दाबात अनेक डाग टाकणाऱ्या यंत्रात) २० मिलिसेकंदांचा डाग लहान आणि हलका पडतो. तिथेही जुनाच आकडा धरून थांबलं की उपचार अपुरा राहतो आणि वाहिन्या वाढतच जातात. अशा यंत्रावर बहुतेक डोळ्यांना अडीच-तीन हजार तरी लागतात. खालच्या भागापासून सुरू करा, कारण मध्येच रक्तस्राव झाला तर ते रक्त खालीच साचतं आणि तो भाग झाकला जातो. तीन आणि नऊ वाजण्याच्या रेषेवर नसा असल्याने तिथे जास्त कळ येते. तिथे शक्ती कमी करावी, गरज पडल्यास डोळ्याभोवती भूल द्यावी. कळ सहन न होऊन उठलेला रुग्ण दुसऱ्या बैठकीला येत नाही.

मध्यबिंदूवर सूज नसेल तर सगळं लेसर एका बैठकीतही करता येतं. एक विरुद्ध चार बैठका अशी तुलना २००९ मध्ये झाली, तेव्हा अशा डोळ्यांत नजरेत किंवा सुजेत म्हणण्यासारखा फरक दिसला नव्हता.

आणखी एक. नव्या वाहिन्या अजून आलेल्या नाहीत, पण पडद्याच्या चारही भागांत भरपूर रक्तस्राव आहेत किंवा दोन भागांत शिरा मण्यांसारख्या फुगल्यात, असा टाईप २ चा रुग्ण गावातच असता तर आपण त्याला दोन-तीन महिन्यांनी परत बघितलं असतं. तो गुढीपाडव्यालाच परतणार असेल तर मी जाण्याआधी लेसर करेन.

मांजरा

शेवटचं मला पटत नाही. नव्या वाहिन्या नसताना बाजूची नजर कमी करणारा उपचार फक्त प्रवासाच्या भीतीने देणं हे घाईचं आहे. निदान दुसऱ्या डोळ्याची अवस्था, एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि रक्तदाब बघून मग ठरवा. ऊसतोड करणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन सातवर असेल तर पडद्याची स्थिती त्यानेही बिघडते, तो उपचार आधी सुरू करा.

आणि मध्यबिंदूवर सूज असेल तर नुसतं लेसर मारून पाठवू नका, सूज वाढते. आधी इंजेक्शन, साधारण आठवड्याने लेसर सुरू. इथे औषधाची निवड नजरेवर ठरते. ६/१२ किंवा त्याहून बरी नजर असेल तर चाचणीत पहिल्या वर्षाअखेर बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट या तिन्ही इंजेक्शनांचा फायदा सारखाच दिसला. ६/१५ किंवा त्याहून कमी असेल तेव्हा पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट पुढे होतं. सूज आहे पण ६/७.५ किंवा त्याहून चांगलं दिसतंय, तर बारीक लक्ष ठेवून थांबताही येतं. थांबणं म्हणजे विसरणं नव्हे, हे रुग्णाच्या घरच्यांनाही सांगा.

पूर्णा

पैशाचं कोणी बोललं नाही. बेव्हासिझुमॅब खूप स्वस्त पडतं, पण ती कर्करोगाच्या औषधाची मोठी कुपी असते आणि एका कुपीतून अनेक डोळ्यांसाठी सिरिंजा भराव्या लागतात. २ ते ८ अंश सेल्सिअसची शीतसाखळी तुटली किंवा भरताना स्वच्छता चुकली की एकाच दिवशी अनेक डोळ्यांत जंतुसंसर्ग. म्हणून निर्जंतुक कक्षात भरलेली सिरिंजच घ्या. टोचण्याआधी ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन डोळ्यात घालून थांबायचं, सुई काळ्या बुबुळाच्या कडेपासून ३.५ ते ४ मिलिमीटरवर.

सूज असलेल्या आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या, टोळीला जाणाऱ्या रुग्णाला डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा ०.७ मिलिग्रॅमचा इम्प्लांट (डोळ्यात हळूहळू औषध सोडणारी बारीक कांडी) हाही पर्याय आहे. तीन-चार महिने चालतो. काचबिंदू असेल किंवा भिंगामागची पिशवी फाटलेली असेल तर नाही. दाब मात्र सहा ते आठ आठवड्यांनी मोजावाच लागतो, तो कारखान्याजवळच्या तालुक्याच्या दवाखान्यातही मोजता येतो.

गोदाकाठ

इम्प्लांटचा मुद्दा चांगला आहे. मात्र तो सुजेसाठी. वाहिन्यांसाठी लेसर लागेलच. पडद्यावर आधीच पांढरे ओढ देणारे पट्टे असतील तर इंजेक्शनाने ते आक्रसून पडदा सुटू शकतो, अनेकदा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच. असा डोळा टोचून गाडीत बसवू नका, थेट शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवा.

सिंदफणा

रुग्णाला जाताना हातात कागद द्या आणि त्याच्या मोबाइलमध्ये पडद्याचा फोटो टाका. कागदावर मराठीत: कोणत्या डोळ्याला किती लेसर झालं, शेवटचं इंजेक्शन कोणतं आणि कोणत्या तारखेला, पुढची तपासणी कधी. लेसर नजर वाढवायला नाही, आहे ती टिकवायला आहे, हे आधीच बोला. नाहीतर ‘लेसर करून काही फरक नाही’ म्हणून तो पुढे येतच नाही. इंजेक्शननंतरच्या आठवड्यात दुखणं, लाली आणि अंधुकपणा वाढत गेला तर त्याच दिवशी जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, गावी परतायची वाट बघायची नाही. हे मुकादमालाही सांगून ठेवा, कारण फडातून सुट्टी त्याच्याच हातात असते. सरकारी आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून पक्कं करून घ्या.