कार्यालयातील स्विचवर व्हीलॅन केले, पण संगणकांना आयपी पत्ता मिळत नाही

प्रश्न : उद्यमनगरकर

नमस्कार. शिवाजी उद्यमनगरात आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. खाली वर्कशॉप आणि वरच्या मजल्यावर हिशेब व ड्रॉइंग विभाग आहेत. वर २४ पोर्टचा आणि खाली ८ पोर्टचा, असे ब्राउझरमधून सेटिंग करता येणारे दोन स्विच असून ते एकाच केबलने जोडलेले आहेत. कॅमेऱ्यांचा पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा) स्विच वेगळा आहे, मात्र त्यात कोणतेही सेटिंग करता येत नाही. इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर वरच्या स्विचला जोडला आहे.

आजवर सगळे एकाच नेटवर्कमध्ये होते. कामानिमित्त येणारी मंडळी वायफायचा पासवर्ड मागतात आणि तो दिला की टॅलीचा सर्व्हर असलेल्या नेटवर्कमध्येच त्यांचा मोबाइल येऊन बसतो, हे मालकांना खटकले. त्यावरून व्हीलॅन (त्याच स्विचवर आखलेली वेगवेगळी आभासी नेटवर्क) करायचे ठरवून कार्यालयासाठी व्हीलॅन १०, वर्कशॉपसाठी २०, कॅमेऱ्यांसाठी ३० आणि पाहुण्यांसाठी ४० अशी आखणी केली आहे. सुरुवातीला दोन्ही स्विचवर व्हीलॅन २० तयार करून त्यात काही पोर्ट अनटॅग्ड (माहितीवर व्हीलॅन क्रमांकाची खूण, म्हणजे टॅग, न लावता) म्हणून घातले आणि ते व्हीलॅन १ मधून काढले. तेव्हापासून त्या पोर्टवरील संगणकांना १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता येतो आणि इंटरनेट चालत नाही. पोर्ट पुन्हा व्हीलॅन १ मध्ये आणला की सर्व सुरळीत होते. अडचण स्विचमध्ये आहे की राउटरमध्ये, हे कसे ओळखावे? शिवाय हजेरीचे यंत्र खाली आणि त्याचे सॉफ्टवेअर वर हिशेबाच्या संगणकावर आहे. व्हीलॅन वेगळे झाल्यावर त्यांचा संपर्क कसा राहील?

उत्तर : पंचगंगाकाठ

डीएचसीपी सर्व्हरकडून, म्हणजे संगणकांना आयपी पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून, उत्तर आले नाही की विंडोज स्वतःच १६९.२५४ चा पत्ता घेते, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या वर्णनावरून याला दोन कारणे संभवतात आणि बहुधा दोन्ही एकदमच लागू आहेत, म्हणून ती वेगवेगळी तपासावीत.

पहिले कारण पीव्हीआयडीचे, म्हणजे पोर्टला दिलेल्या मूळ व्हीलॅन क्रमांकाचे. ब्राउझरवरून चालणाऱ्या बऱ्याच स्विचमध्ये पोर्ट व्हीलॅनचा अनटॅग्ड सदस्य करणे आणि त्या पोर्टचा पीव्हीआयडी बदलणे ही दोन निरनिराळ्या पानांवरची कामे असतात. सदस्यत्वामुळे कोणती फ्रेम (माहितीचे पाकीट) त्या पोर्टमधून बाहेर पडेल हे ठरते, तर संगणकाकडून टॅगशिवाय आत आलेली फ्रेम कोणत्या व्हीलॅनमध्ये टाकायची हे पीव्हीआयडी ठरवतो. आपण सदस्यत्व २० चे दिले आणि पीव्हीआयडी १ च राहिला असेल, तर संगणकाची विनंती व्हीलॅन १ मध्ये जाते, राउटर तिला उत्तरही देतो, पण तो पोर्ट व्हीलॅन १ चा सदस्य नसल्याने ते उत्तर संगणकापर्यंत पोहोचतच नाही. काही स्विच तर अशी फ्रेम आत येतानाच टाकून देतात.

पडताळणी सोपी आहे. वरच्याच स्विचवर व्हीलॅन २० मधील दोन संगणकांना हाताने १९२.१६८.२०.११ आणि १९२.१६८.२०.१२ असे पत्ते, २५५.२५५.२५५.० हा मास्क देऊन एकमेकांना पिंग करून (समोरून उत्तर येते का ते तपासून) पाहावे. नेटवर्क बदलले की विंडोज त्याला बऱ्याचदा ‘पब्लिक’ समजते आणि तिची फायरवॉल पिंग अडवते, त्यामुळे चाचणीपुरती तेवढी परवानगी द्यावी. नाहीतर स्विच व्यवस्थित असूनही दोष त्याच्याच माथी येतो. पिंग चालले तर पीव्हीआयडी बरोबर आहे असे समजावे. मग एक संगणक खालच्या स्विचवर नेऊन हीच चाचणी करावी. तेथे अडले, तर दोन स्विचमधली केबल ज्या पोर्टना लागली आहे ते दोन्ही पोर्ट व्हीलॅन १०, २०, ३० आणि ४० चे टॅग्ड सदस्य करावे लागतील. सिस्कोच्या भाषेत यालाच ट्रंक म्हणतात. ८०२.१क्यू या मानकानुसार अशा फ्रेममध्ये ४ बाइटचा टॅग घातला जातो आणि त्यातील १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकासाठी असतात. ० आणि ४०९५ राखीव असल्याने १ ते ४०९४ हे क्रमांक वापरता येतात.

पीओई स्विचची चिंता नको. त्यावर केवळ कॅमेरेच असतील, तर तो ज्या पोर्टला जोडला आहे तो व्हीलॅन ३० चा अनटॅग्ड सदस्य करून पीव्हीआयडी ३० द्यावा, म्हणजे मागचे सर्व कॅमेरे आपोआप त्यात येतात.

एक सावधगिरी : पुष्कळ स्विचचे सेटिंगचे पान सुरुवातीला फक्त व्हीलॅन १ मधूनच उघडते. दोन्ही स्विचवर एकेक पोर्ट मुद्दाम व्हीलॅन १ मध्ये ठेवून त्यावर पट्टी चिकटवावी. तसेच काही स्विचमध्ये ‘अप्लाय’ आणि ‘सेव्ह’ ही वेगळी बटणे असतात. केवळ ‘अप्लाय’ केले असेल, तर वीज गेल्यावर सारे मूळ पदावर येते.

उत्तर : शिरोली_नेटवर्क

दुसरे कारण राउटरचे आहे आणि खरे काम तेथेच आहे. व्हीलॅन वेगळे करणे स्विचला जमते, पण प्रत्येक व्हीलॅन हे स्वतंत्र नेटवर्क असल्याने त्याला स्वतःचा सबनेट (पत्त्यांचा गट), स्वतःचा गेटवे (त्या नेटवर्कबाहेर जाण्याचे दार) आणि स्वतःची डीएचसीपी सोय लागते. इंटरनेट कंपन्यांच्या पेट्यांना लॅनच्या बाजूने येणारे टॅग बहुधा समजत नाहीत. म्हणून त्या पेटीच्या पुढे व्हीलॅन हाताळणारा राउटर किंवा फायरवॉल बसवावा आणि त्याच्यापासून वरच्या स्विचपर्यंतचा दुवाही टॅग्ड ठेवावा. त्या एकाच तारेवर राउटरमध्ये १९२.१६८.१०.१, १९२.१६८.२०.१ असे चार गेटवे तयार होतात.

त्यानंतर नियम लिहावेत, कारण बऱ्याच राउटरमध्ये व्हीलॅन तयार केले की ते एकमेकांशी मुक्तपणे बोलू लागतात आणि मग वेगळे केल्याचा काही उपयोग उरत नाही. पाहुण्यांना फक्त इंटरनेट द्यावे, कॅमेऱ्यांना तेही देऊ नये. रेकॉर्डर मात्र कॅमेऱ्यांच्याच व्हीलॅनमध्ये ठेवावा, म्हणजे दिवसरात्रीचे चित्रण राउटरमधून न जाता स्विचवरूनच जाईल.

उत्तर : दसरा_चौक

वरील दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, तरी चार व्हीलॅनची ही आखणी आपल्या आकाराच्या कार्यालयाला जड आहे असे माझे मत आहे. मालकांची तक्रार पाहुण्यांच्या मोबाइलबद्दल आहे. कंपनीच्या राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असेल आणि स्थानिक नेटवर्क पाहण्याची परवानगी त्यात बंद करता येत असेल, तर ती तक्रार आजच मिटते. कॅमेरे वेगळे करणे योग्यच, कारण त्यांचे सॉफ्टवेअर कोणी अद्ययावत करत नाही. परंतु वर्कशॉपमधील संगणक ड्रॉइंग वरच्या संगणकावरून उघडणार, प्रिंट वरच्या प्रिंटरवर काढणार आणि हजेरी वर पाठवणार. मग त्यांना वेगळे करून पुन्हा भिंतीला खिडक्या पाडण्यात काय हशील? विंडोजमधील फाइल शेअरिंगचे नियमही मूळ स्थितीत बहुधा स्वतःच्या सबनेटपुरतेच उघडे असतात, त्यामुळे राउटरने वाट दिली तरी ड्रॉइंगचे फोल्डर उघडत नाही आणि रोज एक फोन आपल्याला येतो.

उद्यमनगरकर

सर्वांचे आभार. पीव्हीआयडी खरोखरच १ होता. तो बदलल्यावर वरच्या स्विचवर पिंग चालू लागले आणि दोन्ही स्विचमधील पोर्ट टॅग्ड केल्यावर खालच्या मजल्यावरूनही उत्तर आले. नव्या राउटरचा खर्च मालकांनी मान्य केला आहे. वर्कशॉप मात्र वेगळेच ठेवायचे आहे, कारण तेथे कोणीही पेन ड्राइव्ह आणून लावतो. राहता राहिले हजेरीचे यंत्र.

पंचगंगाकाठ

पेन ड्राइव्हचे कारण पटण्यासारखे आहे. हजेरीच्या सॉफ्टवेअरमधील ‘यंत्र शोधा’ हे बटण साधारणपणे ब्रॉडकास्टवर (नेटवर्कमधील सर्वांना एकदम दिलेल्या हाकेवर) चालते आणि ब्रॉडकास्ट व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही, म्हणून यंत्राचा पत्ता सॉफ्टवेअरमध्ये हाताने लिहावा. यंत्राला १९२.१६८.२०.५० असा कायमचा पत्ता द्यावा आणि त्याच्या मेन्यूतील गेटवेचा रकाना उघडून पाहावा. एकाच नेटवर्कमध्ये असताना त्याची गरज पडत नसल्याने तेथे अनेकदा ०.०.०.० च असते. तसेच राहिले तर सॉफ्टवेअरची विनंती यंत्रापर्यंत जाते, पण यंत्राला उत्तर परत पाठवण्याची वाट ठाऊक नसते. तेथे १९२.१६८.२०.१ भरावे. राउटरमध्ये हिशेबाच्या त्या एकाच संगणकाला या यंत्राकडे जाण्याची परवानगी द्यावी; बऱ्याच यंत्रांत त्यासाठीचा पोर्ट क्रमांक (स्विचचा पोर्ट नव्हे, सॉफ्टवेअरच्या जोडणीचा क्रमांक) ४३७० असतो, आपल्या यंत्राचा त्याच मेन्यूत दिसेल.