यूसीसी-१ मध्ये कर्जदाराचं नाव नेमकं कुठून घ्यायचं? फायलिंग परत येताहेत, मदत हवी आहे

खाजनकाठ:
नमस्कार मंडळी. मी पर्वरीला एका बॅकऑफिसात आहे, रात्रपाळी, अमेरिकेतल्या कर्ज देणाऱ्या कंपन्यांची कागदपत्रं आम्ही इथून तयार करून फाइल करतो. आधीच सांगते, यूसीसी म्हटलं की आपल्या गोव्यात समान नागरी कायदाच आठवतो, पण हा तो नव्हे, हा त्यांचा युनिफॉर्म कमर्शियल कोड, त्यातलं आर्टिकल ९. कुणी ट्रॅक्टर, मशिनरी, दुकानातला माल तारण ठेवून कर्ज घेतलं की देणाऱ्याने तिथल्या राज्याच्या ऑफिसात, बहुतेक सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, यूसीसी-१ फॉर्म भरायचा. आपल्याकडे वन-फोर्टीनवर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्यावर, बँकेचा बोजा चढवतात ना तसंच, फक्त आपण सर्व्हे नंबरने शोधतो आणि तिथे शोधतात कर्जदाराच्या नावाने. नाव चुकलं की बोजा असून नसल्यासारखा.

गेल्या पंधरवड्यात माझ्या हातची चार परत आली. दोनमध्ये १ए आणि १बी दोन्ही रकाने भरले गेले, माणसाचं नाव पण आणि त्याच्या दुकानाचं पण. एकात पत्ता राहिला. चौथं कंटिन्युएशन, म्हणजे मुदतवाढीचं होतं, पाच वर्षांची मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांतच ते करता येतं आणि आमचं आठ महिने असतानाच गेलं. हे कळलं, सुधारलं. पण एकाच माणसाच्या फाइलमध्ये अर्जावर बिल, टॅक्सच्या डब्ल्यू-नाइनवर विल्यम, लायसन्सवर विल्यम आणि पुढे मधलं नाव, असं असेल तर घ्यायचं कुठलं? टीममध्ये प्रत्येकजण वेगळं सांगतो. आणि कंपनी असेल तर? कृपया कुणी हे काम केलं असेल तर सांगा, मला हे नीट शिकायचंय.

जुनाटफाइल:
मी मडगावात बसून सात वर्षं हेच केलं, म्हणून सांगतो. परत आलेल्या फायलिंगची काळजी कमी करा. ती परत येतात म्हणून तरी कळतात, ऑफिसने दोन कामकाजाच्या दिवसांत कारणासकट कळवायचं असतं, तुम्ही दुरुस्त करता, पुन्हा पाठवता. काळजी करा ती जी स्वीकारली गेली त्यांची. तिथला कारकून नाव बरोबर आहे का हे बघतच नाही, ते त्याचं कामच नव्हे, तो बघतो नाव आहे का, पत्ता आहे का, फी आहे का, माणूस की संस्था ते कळतंय का. चुकीचं नाव असलेला फॉर्म बिनबोभाट स्वीकारला जातो, पोच पण येते, आणि चार वर्षांनी कर्जदार दिवाळखोरीत गेला की ते प्रकरण सांभाळणारा ट्रस्टी येऊन म्हणतो तुमचं नाव सर्चमध्ये येत नाही, तुम्ही आता बिनतारणी.

माणसाचं नाव: २०१३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर बहुतेक राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्स मुदतीतलं असेल तर त्यावर जे आहे तेच, अक्षर न अक्षर. दोन लायसन्स असतील तर नंतर दिलेलं. बिल वगैरे सोडा. कंपनीचं: ज्या राज्यात ती नोंदली तिथे दाखल असलेल्या आर्टिकल्सवर, म्हणजे तिच्या स्थापनेच्या कागदावर, जे आहे ते, दुरुस्त्यांसकट. वेबसाइटवर नाही, पाटीवर नाही, डब्ल्यू-नाइनवर नाही, आणि नुसतं दुकानाचं नाव तर चालतच नाही. फाइल पण त्याच राज्यात, धंदा टेक्सासमध्ये आणि नोंदणी डेलावेअरची असेल तर डेलावेअरला.

फ्लोरिडात एका कंपनीच्या नावात बुलेव्हार्ड शब्द होता, फॉर्मवर त्याचा आखूड ब्लव्हीडी लिहिला. एवढंच. प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०२२ मध्ये बोजा कुचकामी ठरला. बऱ्याच राज्यांची सर्च प्रणाली अँडचं चिन्ह, पूर्णविराम, शेवटचं एलएलसी किंवा इन्क सांभाळून घेते, पण मधला शब्द आखूड केला तर नाही सांभाळत. फॉर्मवर पहिल्या रकान्याच्या वरच छापलंय, नावाचा कुठलाही भाग गाळू नका, बदलू नका, आखूड करू नका. ती ओळ वाचतच नाही कुणी.

खाजनकाठ:
बाब, हे वाचून पोटात गोळा आला. आमच्या घरचंच सांगते, आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत नाईक शेवटी क्यू-यू-ई लावून आहे, बाबांच्या आधारवर के, आणि वन-फोर्टीनवर तिसरंच काहीतरी, त्यापायी बाबा मामलेदाराकडे किती खेटे घालतात ते मी लहानपणापासून बघतेय. माणूस तोच, घर तेच, गाव ओळखतं, कागद ओळखत नाही. तरी माझ्या टेबलावर मी तेच करत होते.

एक कंपनी आठवली, मार्चमध्ये स्वीकारली गेलेली. ग्राहकाच्या कर्जाच्या फाइलवर ब्रॉस होतं आणि मी तेच टाकलं. आता यूसीसी-३ ने, म्हणजे दुरुस्तीच्या फॉर्मने, नाव सुधारलं तर मार्चची तारीख टिकते का?

रातराणी:
नाही टिकत. मूळ नाव सर्चमध्ये सापडत नसेल तर बोजा दुरुस्तीच्या तारखेपासून धरतात, मधल्या काळात दुसऱ्या कुणी बरोबर नावाने फाइल केलं असेल तर तो तुमच्या पुढे. शिवाय दुरुस्तीनंतर ९० दिवसांत कर्जदार दिवाळखोरीत गेला तर ट्रस्टी त्यावरही हरकत घेऊ शकतो. म्हणून थांबू नका. आधी आर्टिकल्सवरचं नेमकं नाव घालून राज्याच्या ऑफिशियल सर्चमध्ये बघा तुमचं फायलिंग दिसतं का. दिसलं तर बोजा शाबूत, तरी नाव सुधाराच. आणि हे टीमलीडला लेखी कळवा, ग्राहकाला कळलंच पाहिजे.

अजून एक, आज बरोबर असलेलं नाव उद्या बदलतं, कंपनीचं पण आणि लग्नानंतर माणसाचं पण. बदलल्यावर सर्चमध्ये येईनासं झालं तर चार महिन्यांत यूसीसी-३ गेला पाहिजे, नाहीतर त्या चार महिन्यांनंतर कर्जदाराकडे आलेल्या नव्या मालावर तुमचा बोजा बसत नाही. जुन्या मालावरचा राहतो. दुकानातला साठा तारण असेल तर विचार करा, साठा तर रोज नवा.

खाजनकाठ:
काल रात्री पावणेदोनला आर्टिकल्सची प्रत काढली. पहिल्याच पानावर, ब्रदर्स, पूर्ण. सर्चमध्ये ते नाव घातलं, शून्य रेकॉर्ड. ब्रॉस घातलं, आमचं फायलिंग समोर. दोन्ही स्क्रीनचे फोटो लावून टीमलीडला मेल केला, तो चिडला नाही, सकाळी ग्राहकाशी बोलला आणि आज यूसीसी-३ जातोय. माझ्या हातची मार्चपासूनची सगळी मी आता एकेक तपासतेय, ६१ आहेत, १९ झाली.

दोघांनाही देव बरें करूं. त्यातल्याच एका फाइलवर अडलेय, कर्जदार बाईंच्या लायसन्सवर दोन आडनावं आहेत, आईकडचं आणि वडलांकडचं, मध्ये डॅश नाही, आणि अर्जावर त्यातलं पहिलं आडनाव मधल्या नावाच्या जागी गेलंय. फॉर्मवर दोन्ही आडनावाच्या रकान्यातच टाकायची ना?